गेम आपल्या बाजूचा आहे, पण चांगला आहे का?

आपल्या समाजातले तरुण व्हिडिओ गेमवर बोलायला लागले की चर्चा बहुतेक वेळा एकाच तक्रारीपाशी येऊन थांबते. मोठ्या कंपन्यांच्या युद्धाच्या गेममध्ये मुसलमान म्हणजे समोरून धावत येणारा आणि गोळी खाऊन पडणारा माणूस. भिंतींवर अरबी अक्षरं, चारी बाजूंना धूळ आणि बंदूक आपल्या हातात. तक्रार खरी आहे. २०२१ साली ‘कॉल ऑफ ड्यूटी: व्हॅनगार्ड’मध्ये कुरआनची पानं जमिनीवर पडलेली दाखवली होती. जगभरातून ओरड झाली तेव्हा ॲक्टिव्हिजन कंपनीने माफी मागितली आणि ती पानं काढून टाकली.

पण या तक्रारीतून आपल्याकडे एक सवय पडली आहे. एखाद्या गेमने आपल्या बाजूचं काही सांगितलं, त्यात निर्वासित असले, पॅलेस्टाईन असलं, हिजाब घातलेली नायिका असली, की त्याची नुसती तारीफ करायची. ‘डोळ्यांत पाणी आलं’, ‘सगळ्यांनी खेळायलाच हवा’ असं लिहून मोकळं व्हायचं. तो गेम कंटाळवाणा आहे का, अर्ध्यात सोडावासा वाटतो का, हे कुणी बोलत नाही. जणू तसं बोललं तर त्या दुःखाचाच अपमान होईल. मला उलट वाटतं. ज्यांनी वर्षानुवर्षं खपून गेम बनवला त्यांना आपण फक्त सहानुभूतीचे गुण देत असू, तर त्यांचं काम आपण गंभीरपणे घेतलेलंच नाही.

म्हणून इथे काही इंडी गेमबद्दल माझी मतं सरळ मांडते आहे. इंडी म्हणजे मोठ्या कंपनीच्या पैशाशिवाय आणि हुकमाशिवाय एकट्याने किंवा लहानशा गटाने बनवलेले गेम. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा गेम एरिक बॅरोन या एकाच माणसाने चार वर्षांहून जास्त काळ बसून बनवला. चित्रं, संगीत, कोड सगळं त्याचं. असे गेम स्वस्त असतात, सेलमध्ये आणखी उतरतात आणि त्यातले बरेचसे जुन्या लॅपटॉपवरही चालतात.

माझी कसोटी एकच आहे. सिनेमात आपण बघतो, गेममध्ये आपल्याला काहीतरी करावं लागतं. तर मग या गेमने माझ्या हाताला काय काम दिलं, आणि ते काम करताना मला असं काही कळलं का, जे नुसतं ऐकून कळलं नसतं?

शिक्का मारणारा हात

या कसोटीवर माझ्या मते सगळ्यात वर येतो तो ल्युकस पोप यांचा २०१३ मधला ‘पेपर्स, प्लीज’. आर्स्टोट्स्का नावाचा काल्पनिक देश, साल १९८२. सरकारी लॉटरीत तुम्हाला नोकरी लागते ती सीमेवरच्या चौकीत कागद तपासण्याची. माणूस खिडकीपाशी येतो, पासपोर्ट सरकवतो. तुम्ही नाव, जन्मतारीख, फोटो, मुदत, शहर जुळवून बघायचं आणि हिरवा नाहीतर लाल शिक्का मारायचा. माणशी पाच क्रेडिट मिळतात. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना नुसती ताकीद, पुढच्या प्रत्येक चुकीला दंड. संध्याकाळी घरचा हिशेब समोर येतो. भाडं, जेवण, थंडीसाठी इंधन, आजारी माणसाचं औषध. घरात बायको, मुलगा, सासू आणि काका.

खेळ एवढाच आहे. बंदूक जवळपास नाहीच. पण हळूहळू काय होतं बघा. एक नवरा येतो, त्याचे कागद बरोबर. मागून त्याची बायको येते, तिच्याकडे प्रवेशाचा परवाना नाही. सोडलं तर ताकीद मिळेल, अडवलं तर नवराबायकोची ताटातूट होईल. पुढे शेजारच्या कोलेचिया देशातल्या लोकांनी हल्ला केला म्हणून त्या देशाच्या प्रत्येक माणसाची अंगझडती घ्यायचा हुकूम निघतो. माणसाने काही केलेलं नसतं, पासपोर्ट त्या देशाचा असतो एवढंच. आणखी पुढे तर आपल्याच नागरिकांचे पासपोर्ट जप्त करायचे असतात. या सगळ्यात कुणी खलनायक येऊन मोठमोठ्याने हसत नाही. रोज सकाळी नियमांचं नवं पान येतं, आणि आपल्याला घरी मुलाचं औषध न्यायचं असतं.

तीन-चार दिवसांत समोरच्या माणसाचा चेहरा दिसेनासा होतो. फक्त तारीख दिसते. मी हे वाक्य एखाद्या लेखात वाचलं असतं तर मान डोलावून पुढे गेले असते. इथे ते माझ्या हाताने झालं. वाईट माणसांशिवायही अन्याय कसा चालतो, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारं दुसरं काही मला माहीत नाही.

हा गेम आपल्या देशाबद्दल नाही. तरी आपल्यापैकी कुणी तो खेळताना शांत राहील असं मला वाटत नाही. गेममध्ये दोन कागदांवर नावं वेगळी निघाली की संशय घ्यायचा आणि बोटांचे ठसे तपासायचे. आपल्याकडे एकाच माणसाचं नाव दोन कागदांवर सारखं असलं तरच नवल. ‘शेख’ हा शब्द इंग्रजीत लिहायच्या तीन-चार रीती आहेत, ‘मोहम्मद’च्या त्याहून जास्त. शाळेत मास्तरांनी एक लिहिलं, रेशन कार्डावर दुसरं आलं, आधारवर तिसरं. बाईचं लग्न झालं की चौथं. आसाममध्ये ३१ ऑगस्ट २०१९ रोजी नागरिक नोंदणीची अंतिम यादी आली तेव्हा १९ लाखांहून जास्त लोक बाहेर राहिले. त्यात मुसलमान होते, हिंदूही होते, आणि कित्येकांची अडचण एखाद्या अक्षराची नाहीतर वयातल्या फरकाची होती.

दोष? आहेत. सरकार उलथवू पाहणाऱ्या गुप्त संघटनेची गोष्ट मला वरून चिकटवल्यासारखी वाटते. साध्या कामातूनच जे कळत होतं ते कटकारस्थानाने पातळ होतं. २०२२ पासून तो फोनवरही आला आहे, पण एवढे कागद छोट्या पडद्यावर मांडताना चिडचिड होते. जमलं तर लॅपटॉपवर खेळा.

जहाजाच्या तळातले आपले लोक

याच ल्युकस पोप यांचा पुढचा गेम ‘रिटर्न ऑफ द ओब्रा दिन’ २०१८ साली आला. १८०२ मध्ये लंडनहून निघालेलं एक जहाज पाच वर्षांनी रिकामं परत येतं. जहाजावर साठ माणसं होती. तुम्ही ईस्ट इंडिया कंपनीचे विमा निरीक्षक. मृतदेहापाशी गेलं की एक जादूचं घड्याळ त्या माणसाचा शेवटचा क्षण दाखवतं. त्यावरून हा कोण, कसा मेला, कुणी मारलं, हे वहीत भरायचं. चित्रं फक्त दोन रंगांची, जुन्या संगणकाच्या पडद्यासारखी. डोक्याला एवढं काम देणारा आणि तरी उत्तर आधीच न सांगणारा गेम दुर्मीळ. तीन माणसांची माहिती बरोबर भरली की मगच गेम ती कायम करतो, त्यामुळे ठोकताळे फारसे चालत नाहीत.

या साठांत हिंदुस्थानी खलाशी आहेत. कोकणातल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरच्या मुसलमान घरांत सारंग, तांडेल, खलाशी हे शब्द आजही कानावर येतात. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात पी अँड ओसारख्या ब्रिटिश जहाज कंपन्या डेकवरच्या कामासाठी रत्नागिरी भागातून माणसं घ्यायच्या. गेममधल्या खलाशांपैकी एकाचं नाव आहे सॉलोमन सय्यद. असं नाव आपल्या कुठल्या गावात ऐकलंय? पण परक्यांच्या वहीत आपली नावं वेडीवाकडीच उतरायची, त्यामुळे मला ते खोटं वाटत नाही. खटकतं ते वेगळं. हा सय्यद आणि त्याचा एक देशबांधव प्रवासाच्या सुरुवातीलाच आजाराने मरतात, आणि पुढच्या गोष्टीत त्यांचं काही उरत नाही. बंड, खून, प्रेम, लोभ हे सगळं गोऱ्या अधिकाऱ्यांच्या वाट्याला. शिवाय खालच्या दर्जाचे खलाशी ओळखताना कपडे, चेहरा, रंग बघून देश ठरवायचा असतो. कंपनीच्या कारकुनाची नजर आपल्या डोळ्यांत बसते. हे लेखकाने मुद्दाम केलं की नकळत, मला ठरवता येत नाही.

तरी शेवट मला मान्य आहे. प्रवासाचा हिशेब होतो. कुणाच्या वारसाला किती रक्कम, कुणाच्या वारसांकडून किती दंड वसूल. एवढी माणसं मेली त्याचं कंपनीच्या लेखी काय झालं, तर आकडे. ‘पेपर्स, प्लीज’ आवडला तर हा खेळाच, फक्त घाईने नको.

युद्ध, आणि युद्धापासून पळणं

‘धिस वॉर ऑफ माइन’ची तारीफ तुम्ही ऐकली असेल. पोलंडमधल्या ११ बिट स्टुडिओजचा २०१४ चा गेम. साराएव्होच्या वेढ्यात अडकलेल्या सामान्य लोकांच्या अनुभवांवर बेतलेला. तुम्ही सैनिक नाही. पडक्या घरात राहणारी तीन-चार माणसं सांभाळायची, दिवसा चूल, पलंग, पाण्याची सोय करायची आणि रात्री एकाने बाहेर जाऊन अन्न-औषध शोधून आणायचं. एका घरात म्हातारं जोडपं राहतं. त्यांच्याकडे खायला आहे, अंगात ताकद नाही. पोलंडच्या सरकारने २०२० मध्ये हा गेम मोठ्या विद्यार्थ्यांच्या पूरक वाचनाच्या यादीत घ्यायचं जाहीर केलं.

पहिल्या खेळात तो खरोखर आतून हलवतो. त्या म्हाताऱ्यांना लुटून आलेला माणूस खचून जातो, जेवत नाही, बोलत नाही, आणि तुम्ही त्याला कामाला लावू शकत नाही. पण तिसऱ्या-चौथ्या खेळात सगळं गणित होऊन बसतं. कुठल्या घरात काय मिळतं ते पाठ होतं, आधी काय बनवायचं ते ठरून जातं. भूक म्हणजे एक पट्टी, दुःख म्हणजे दुसरी. कुणी म्हणेल की युद्धातही माणूस असाच निबर होत असणार. असेल. पण मला तिथे निबरपणा जाणवला नाही, नुसता सराव जाणवला. एकदाच खेळा, हरलात तरी पुन्हा नको.

त्यापेक्षा मला ‘बेरी मी, माय लव्ह’ जास्त भिडतो, आणि त्याची चर्चा आपल्याकडे त्यामानाने फारच कमी आहे. फ्रान्समधल्या पिक्सेल हंट या छोट्या स्टुडिओने तो २०१७ मध्ये आणला. नूर सीरियातून युरोपकडे निघाली आहे. तिचा नवरा मजद मागे राहिला आहे. तुम्ही मजद. हातात फक्त फोन. नूर मेसेज पाठवते, फोटो पाठवते, विनोद करते, भांडते, विचारते की बोटीत बसू की थांबू. तुम्ही उत्तर द्यायचं. तुमच्या सल्ल्याने तिचा रस्ता बदलतो आणि १९ वेगवेगळ्या शेवटांपैकी एकाकडे जातो. गेमचं नाव अरबी बोलीतल्या एका लाडाच्या उद्गारावर आहे. त्याचा भाव असा, की माझ्याआधी तू जाऊ नकोस, मला तूच दफन कर.

यात हाताला काम काय? वाट बघणं. प्रत्यक्ष वेळेनुसार खेळलात तर नूर तासन् तास ऑफलाइन जाते. तुम्ही जेवता, कामावर जाता, मध्येच फोन बघता. काही नाही. आपल्याकडे आखातात कामाला गेलेला माणूस ज्या घरात आहे, त्या घराला ही वाट बघणं समजावून सांगायची गरज नाही. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे नूर बिचारी नाही. ती हट्टी आहे, थट्टेखोर आहे, कधी चुकीचंही वागते. निर्वासित म्हटलं की फक्त रडका चेहरा दाखवणाऱ्यांनी तिच्याशी बोलून बघावं. दोष असा, की पुन्हा खेळताना बरेचसे मेसेज तेच येतात आणि पुढे ढकलत न्यावे लागतात.

हेतू मोठा, गेम छोटा

आता जे बोलायला अवघड आहे ते.

‘लैला अँड द शॅडोज ऑफ वॉर’ हा नाब्लसच्या रशीद अबुईदा यांनी बनवलेला गेम २०१६ मध्ये आला. २०१४ च्या गाझावरच्या हल्ल्यात एक बाप घराकडे, मुलीकडे धावतो आहे. काळ्या सावल्यांची चित्रं, दहा-पंधरा मिनिटांचा खेळ, फुकट. ॲपलने आधी त्याला ‘गेम’ म्हणून घ्यायलाच नकार दिला आणि बातम्या किंवा संदर्भ या वर्गात टाकायला सांगितलं. टीका झाल्यावर निर्णय फिरवला. युद्धाचे शेकडो गेम चालतात, पण ज्याच्यावर बॉम्ब पडतो त्याचा गेम ‘गेम’ नाही, हा दुटप्पीपणा उघडा पडला. एवढ्यासाठीही या गेमचं नाव इतिहासात राहील.

पण गेम म्हणून? धावायचं, उडी मारायची, मेलात की पुन्हा तिथूनच. उडी चुकल्यावर येणारा राग त्या बापाच्या भीतीला मारून टाकतो. शेवटचा प्रसंग मन सुन्न करतो, पण तो प्रसंग सुन्न करतो, माझ्या हाताने केलेलं काही नाही. तेच एखाद्या लघुपटात असतं तरी तेवढंच जाणवलं असतं. मला हे म्हणावंसं वाटतं, कारण याच माणसाकडून मला आणखी मोठी अपेक्षा आहे. १९४८ च्या नकबावरचा त्यांचा ‘ड्रीम्स ऑन अ पिलो’ हा पुढचा गेम. त्यासाठी २०२४ च्या अखेरीस त्यांनी लोकवर्गणी सुरू केली. घाईत आपलं बाळ समजून उशी उचलून पळालेल्या आईच्या लोककथेवर तो बेतला आहे. ही कल्पना ऐकूनच कळतं की इथे हाताला काम आहे. उशी धरायची की खाली ठेवायची, हा प्रश्न फक्त गेमच विचारू शकतो.

‘१९७९ रिव्होल्यूशन: ब्लॅक फ्रायडे’चं तसंच. २०१६ मध्ये आलेला हा गेम नावीद खोन्सारी यांच्या स्टुडिओचा. इराणमध्ये त्यावर बंदी आली. रेझा नावाचा तरुण फोटोग्राफर क्रांतीच्या दिवसांत तेहरानच्या रस्त्यांवर फिरतो. तुम्ही फोटो काढता, आणि गेम त्याच प्रसंगाचा त्या काळातला खरा फोटो शेजारी ठेवतो. हा भाग उत्तम आहे. शाहला विरोध करणाऱ्यांत धार्मिक होते, डावे होते, घाबरट होते, संधिसाधू होते, हे कुठल्याही भाषणापेक्षा चांगलं कळतं. पण मध्येच पळापळ सुरू होते, पडद्यावर दिसेल ते बटण पटकन दाबा. निवडी दिसतात खूप, बदलतं थोडं. आणि गोष्ट अर्ध्यावर संपते. इतिहासाच्या आवडीसाठी खेळा, गेमच्या आवडीसाठी नको.

घराजवळचे दोन

‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ पुण्यात बनला. नॉडिंग हेड्स गेम्सचा हा गेम २०२० मध्ये आला आणि त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पहिल्या इंडी गेमसाठीच्या गटात त्याला नामांकन होतं. राजीच्या लहान भावाला, गोलूला राक्षस पळवून नेतात, आणि ती त्याच्या शोधात निघते. दुर्गा आणि विष्णू तिची गोष्ट सांगतात. राजस्थानी महाल, भिंतींवरची चित्रं, कळसूत्री सावल्यांचा खेळ, सगळं बघत राहावं असं. मला कुणी विचारलं, की मुसलमान म्हणून हा गेम खेळताना परकं वाटलं का, तर अजिबात नाही. या गोष्टी आम्ही शाळेत ऐकल्या, शेजारी ऐकल्या. मी वैतागले ते लढाईमुळे. तोच वार, तीच उडी, आणि कॅमेरा नको तिथे. शेवट तर इतका अचानक की वाटतं लाईट गेली. पुण्यात बनला म्हणून कौतुक आहेच, पण पुण्यात बनला म्हणून दोन गुण जास्त देणार नाही.

‘वेंबा’ २०२३ चा, टोरंटोच्या विसाई गेम्सचा. १९८०च्या दशकात कॅनडात गेलेलं तमिळ जोडपं आणि त्यांचा मुलगा कविन. आईने दिलेल्या पाककृतींच्या वहीची पानं फाटली आहेत, शाई पसरली आहे. इडली, पुट्टू, बिर्याणी करताना पुसलेल्या ओळी तुम्ही अंदाजाने भरायच्या. मुलाला डब्यात ते जेवण नको, घरात ती भाषा नको. २०२४ च्या बाफ्टामध्ये पदार्पणाच्या गेमचा पुरस्कार याला मिळाला. कोडी फार सोपी आहेत आणि दीड तासात सगळं संपतं. पण हात जे करतात तेच गोष्ट सांगते. पुसलेली ओळ भरणं म्हणजेच आईला समजून घेणं. घरात दखनी किंवा कोकणी, मदरशात उर्दू, शाळेत मराठी, कॉलेजात इंग्रजी अशा चार भाषांत वाढलेल्या आपल्या मुलांना कविनचा संकोच लगेच ओळखू येईल. अम्मीला शेजारी बसवून खेळा. चुकलं तर ती सांगेल.

पत्ते आणि जुगार

एका गेमचा आपल्या प्रश्नांशी वरवर संबंध नाही, पण त्याबद्दल बोलायलाच हवं. ‘बॅलाट्रो’ २०२४ मध्ये आला. लोकलथंक या टोपणनावाने काम करणाऱ्या एका माणसाने तो बनवला. पोकरच्या पत्त्यांचे हात लावायचे, जोकर गोळा करून गुण वाढवत न्यायचे. पैसा कुठेही लागत नाही, मिळतही नाही. तरी युरोपातल्या पेगी या वर्गीकरण संस्थेने जुगाराची चित्रं म्हणून त्याला १८ वर्षांवरच्यांचा शिक्का मारला. त्याच वेळी खऱ्या पैशाने खेळाडूंची बंद पाकिटं विकणारा फुटबॉलचा गेम तीन वर्षांच्या मुलांना चालेल असा होता. २०२५ मध्ये अपिलानंतर ‘बॅलाट्रो’चा शिक्का १२ वर आला. आपला गेम कधीही जुगाराच्या कंपनीला विकला जाऊ नये, असं या माणसाने मृत्युपत्रात लिहून ठेवल्याचं सांगितलं आहे.

पत्ते दिसले की आपल्या घरात भुवया वर जातात, ते मी समजू शकते. पण बघायचं ते पत्त्यांकडे नाही, पैसा कुठून कुठे जातो त्याकडे. आपल्या मोहल्ल्यांत पोरं बरबाद झाली ती रमी आणि टीम लावण्याच्या ॲपवर, जिथे पत्ते ‘कौशल्याचे’ म्हणून विकले जात होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला. ‘बॅलाट्रो’ त्यातला नाही. तो अप्रतिम गेम आहे. मात्र एक इशारा देते. तो पैसे खात नाही, रात्री खातो. ‘अजून एक डाव’ ही ओढ जुगारातलीच आहे, फक्त पाकीट बाहेर ठेवलेलं आहे. परीक्षेच्या महिन्यात लांब राहा.

खिडकीच्या बाहेरचा माणूस

इतक्या गेमनंतर एक गोष्ट सारखी जाणवते. सीरियाची नूर आहे, गाझाची लैला आहे, तेहरानचा रेझा आहे, टोरंटोची वेंबा आहे. मालेगाव, मिरज, मुंब्रा, औसा यांतलं कुणी मला अजून गेममध्ये भेटलेलं नाही. आणि ते बाहेरचं कुणी येऊन बनवणार नाही. बनवलंच, तर आपण सॉलोमन सय्यद होऊ.

‘पेपर्स, प्लीज’मध्ये आपण खिडकीच्या आत बसतो. मला खिडकीच्या बाहेर उभ्या असलेल्या बाईचा गेम खेळायचा आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, निकाहनाम्यावर तिसरं. आधार दुरुस्त करायला दाखला हवा, दाखला दुरुस्त करायला प्रतिज्ञापत्र हवं, राजपत्रात नाव छापायला दोन्ही हवेत. प्रत्येक फेरीला एका दिवसाची मजुरी बुडते, सेतू केंद्रात सर्व्हर बंद असतो, आणि मुलीच्या शिष्यवृत्तीची शेवटची तारीख जवळ येते. आधी कुठला कागद दुरुस्त करायचा? हे कोडं ‘ओब्रा दिन’इतकं अवघड आहे आणि आपल्याकडे घराघरात पाठ आहे. फक्त खिडकीतल्या बाबूला राक्षस करू नका. त्यालाही वरून नियमांचं नवं पान येत असतं.

साधनांचं कारण आता सांगता येणार नाही. ‘ट्वाइन’ फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, त्यात थेट मराठी टाइप करून निवडींचा गेम लिहिता येतो आणि कोडिंग जवळजवळ लागत नाही. ‘गोडो’ हे गेम बनवायचं इंजिनही फुकट आणि खुलं आहे. २०२३ मध्ये आलेल्या त्याच्या चौथ्या आवृत्तीपासून देवनागरीतली जोडाक्षरं नीट दिसतात. एका खिडकीचा, एका बाईचा, पंधरा मिनिटांचा गेम दोन-तीन मित्रमैत्रिणी सुट्टीत बनवू शकतात. पहिला वाईट होईल. होऊ द्या.

बनवलात तर मला खेळायला द्या. नाही आवडला, तर तेही सांगेन.